६०८ चेहरे, ३० बाय ४० ची चौकट

तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे वधू-वर सूच्यांचा हंगाम सुरू होतो. दिवाळी अंकांची धावपळ संपून जरा कुठे पाठ टेकावी, तोच वधू-वर सूचक मंडळांचे फोन यायला लागतात. पुण्यात नारायण पेठेत माझं दोन संगणकांचं डीटीपीचं काम आहे. पेजमेकर ७ आणि श्रीलिपीवर हात बसला, मग इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरवर आले. पत्रिका, स्मरणिका, संस्थांचे अहवाल, कवितासंग्रह, सगळं करते. पण वधू-वर सूचीइतकं जोखमीचं काम दुसरं नाही. कवितासंग्रहातली काना-मात्रेची चूक वाचक समजून घेतो. सूचीत फोटो बिघडला तर एखाद्या घरात पान उलटलं जातं, आणि ज्याचं पान उलटलं त्याला ते कधी कळतही नाही.

गेल्या हंगामातल्या एका सूचीची ही हकिगत.

मंडळाने ६०८ स्थळं दिली होती. ए-फोर आकार, एका पानावर सहा स्थळं, प्रत्येकाला ३५ बाय ४५ मिलिमीटरची चौकट, म्हणजे आपल्या नेहमीच्या पासपोर्ट फोटोएवढी. शेजारी नाव, जन्मतारीख, जन्मवेळ, उंची, शिक्षण, नोकरी, मामेकुळ, अपेक्षा. मजकूर लागला, फोटो लागले, पहिलं प्रूफ समितीपुढे ठेवलं. चिटणीस काका पानांचा हिशोब करत बसले. ६०८ भागिले सहा, १०२ पानं. वर मनोगत आणि जाहिरातींची चार.

"ताई, ८० पानांत बसवा. पाच फर्म्यांचे पैसे मंजूर झालेत. सहाव्या-सातव्या फर्म्याला मी पैसे कुठून आणू?"

त्यांचं म्हणणं रास्त होतं. १६ पानांचा एक फर्मा. १०६ पानं म्हणजे सात फर्म्यांचा कागद. एका पानावर आठ स्थळं घेतली तर ७६ पानं, वर ती चार, बरोबर ८०. मात्र आठ बसवायची तर चौकट ३० बाय ४० करावी लागणार होती.

"एवढंच ना? परवापर्यंत कराल?"

ऐकायला पाच मिलिमीटरचा फरक. पण दोन्ही चौकटींचं प्रमाण सारखं नाही. ३५ बाय ४५ मध्ये रुंदी उंचीच्या ७८ टक्के पडते, ३० बाय ४० मध्ये ७५ टक्के. त्यामुळे सगळं एकदम अमुक टक्क्यांनी लहान केलं असं भागत नाही. आधी चौकट लहान करायची, मग आतला फोटो तिच्यात नव्याने बसवायचा. एका फोटोला मिनिटभर धरलं तरी दहा तास झाले. आणि सलग दहा तास एकच काम केलं की तीनशेव्या फोटोनंतर माणूस चेहरा बघायचं सोडून नुसत्या कडा बघायला लागतो. हे मी अनुभवाने सांगते.

तयार स्क्रिप्टा, म्हणजे इनडिझाइनकडून एकच काम आपोआप पुन्हापुन्हा करून घेणाऱ्या सूचनांच्या ओळी, मी वापरल्या होत्या, स्वतः कधी लिहिली नव्हती. माझा भाचा बंगळूरला संगणक कंपनीत जावास्क्रिप्ट लिहितो. इनडिझाइनलाही तीच भाषा कळते असं ऐकून होते, म्हणून रात्री साडेनऊला त्याला फोन लावला. काय हवंय ते सांगितलं: प्रत्येक फोटोची चौकट घे, वरचा डावा कोपरा आहे तिथेच राहू दे, रुंदी ३० कर, उंची ४० कर. त्याने दहा मिनिटांत आठ ओळी पाठवल्या. नोटपॅडमध्ये चिकटवल्या, नावाला जेएसएक्स असं शेपूट लावून सेव्ह केल्या. विंडो मेनूत युटिलिटीज, त्यात स्क्रिप्ट्स. तिथल्या यूजर या नावावर उजवी क्लिक करून फोल्डर उघडायचा आणि त्यात फाइल टाकायची. पॅनलमध्ये नाव आलं. मूळ फाइलची प्रत काढून ठेवली आणि नावावर दोनदा टिचकी मारली.

पहिल्याच ओळीला एरर.

"मावशी, यात चुकण्यासारखं काही नाहीच आहे गं," तो म्हणाला. त्याच्या हिशोबाने तो बरोबर होता. पण इनडिझाइनमधली ही जावास्क्रिप्ट, जिला एक्सटेंडस्क्रिप्ट म्हणतात, ती १९९९ सालच्या प्रमाणावर उभी आहे. त्याच्या रोजच्या हातातलं लेट, बाणाच्या खुणेचं फंक्शन, फॉर-ईच, यातलं काहीच तिला समजत नाही. त्याने तेच काम व्हार आणि साध्या मोजणीच्या फॉरमध्ये लिहून दिलं. मला उलट बरं वाटलं, कारण ह्या जुन्या वळणाच्या ओळी मला वाचता येत होत्या. यादीतली पहिली वस्तू घे, काम कर, पुढची घे, यादी संपली की थांब. पानं लावणाऱ्या माणसाला यात परकं काही नाही.

दुसऱ्यांदा चालवली. एरर नाही. पडद्यावर निरोप आला: ५ चौकटी बदलल्या.

६०८ मधल्या पाच कुठल्या म्हणून शोधायला गेले, तर सगळे फोटो जिथल्या तिथे, जसेच्या तसे. शेवटच्या पानावर गेले. तिथे एका सराफांची पानभर रंगीत जाहिरात होती. ती वरच्या डाव्या कोपऱ्यात टपालाच्या तिकिटापेक्षा बारीक होऊन बसली होती, आडवी. जाहिरातीतल्या मंगळसूत्राचा एक मणी तेवढा चौकटीत दिसत होता. मंडळाची दोन बोधचिन्हं आणि आणखी दोन जाहिराती यांचंही तेच झालं होतं. ज्यांना हात लावायचा नव्हता नेमक्या त्या पाच वस्तूंना स्क्रिप्टने हात लावला होता.

कंट्रोल-झेड दाबून सगळं जागेवर आणलं आणि फूटपट्टी घेऊन बसले. त्या एका बारीक चौकटीत तीन वेगवेगळ्या चुका होत्या, हे उमगायला तासभर गेला.

ती चौकट ३० मिलिमीटर रुंद नव्हती, १४.१ होती. उंची १०.६. आकडे ओळखीचे वाटले, आणि मग लक्षात आलं: ४० पॉइंट म्हणजे १४.१ मिलिमीटर, ३० पॉइंट म्हणजे १०.६. ओळींमधलं अंतर पॉइंटांत मोजायची सवय म्हणून माझ्या फाइलची पट्टी पॉइंटांत असते. स्क्रिप्टला नुसतं ३० सांगितलं की ती पट्टीवरचं एकक धरते. सुरुवातीलाच स्क्रिप्टपुरतं एकक मिलिमीटर आहे असं सांगणारी एक ओळ लिहिली की हा प्रश्न मिटतो. मग फाइलची पट्टी कशातही असो.

दुसरी चूक, रुंदी-उंचीची अदलाबदल. चौकटीच्या चार कडा इनडिझाइन एका ठरावीक क्रमाने सांगतं: वरची, डावी, खालची, उजवी. म्हणजे उभा आकडा आधी, आडवा नंतर. आपण सगळे "रुंदी बाय उंची" असं बोलतो, भाच्यानेही तसंच लिहिलं. गंमत अशी की वस्तू सरकवायची आज्ञा दिली तर तिथे मात्र आडवा आकडा आधी आणि उभा नंतर. एकाच भाषेत दोन रीती. मी ह्या दोन ओळी कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवल्या, अजून तिथेच आहेत.

तिसरी चूक मोठी होती. स्क्रिप्टने विचारलं होतं, "या फाइलमधल्या चौकटी दे." इनडिझाइन अशा वेळी फक्त पानावर सुट्या ठेवलेल्या चौकटी देतं. माझ्या फाइलमध्ये फोटो आणि त्याच्या शेजारचा मजकूर यांचा ग्रुप केलेला होता, कारण सरकवताना एकाचा फोटो दुसऱ्याच्या नावाशेजारी जाऊ नये. ग्रुपच्या आत असलेलं काही त्या यादीत येत नाही. सुट्या होत्या त्या फक्त जाहिराती आणि बोधचिन्हं, म्हणून त्यांच्यावरच वरवंटा फिरला.

भाचा म्हणाला, मग फाइलमधली सगळी चित्रं मागू, ग्रुपमधलीसुद्धा. आणि प्रत्येक चित्राला विचारू की तुझी चौकट कोणती. अशी यादी मागितली तर आकडा आला ६०४. त्यात त्या पाच वस्तू धरलेल्या. म्हणजे फोटो ५९९. स्थळं ६०८. नऊ कुठे गेली?

आकडा जुळल्याशिवाय पुढे जायचं नाही, ही शिस्त मला टायपिंगच्या पहिल्या नोकरीत लागली आणि तिने मला अनेकदा वाचवलंय. वही काढली. नऊ जणांचे फोटो आलेच नव्हते. त्यांच्या चौकटी रिकाम्या होत्या, आणि रिकाम्या चौकटीत चित्र नसल्यामुळे ती चित्रांच्या यादीत येत नाही. तशाच राहिल्या असत्या तर उद्या त्यांचे फोटो ३५ बाय ४५ मध्ये पडले असते आणि शेजारच्या मजकुरावर चढले असते.

म्हणून मग चौकटींना ओळख द्यायची असं ठरवलं. एक ऑब्जेक्ट स्टाइल, म्हणजे चौकटींना लावायचा गुणांचा ठरावीक संच, केली, नाव ठेवलं "स्थळ-फोटो". फाइलमधल्या सगळ्या वस्तू एकेक करून बघायच्या, ज्या चौकटीची रुंदी ३५ आणि उंची ४५ असेल तिला ही स्टाइल लावायची. इथेही एक खाच निघाली. मोजलं तर काही चौकटी ३५ नव्हत्याच, ३४.९९९ अशा काही होत्या. डोळ्याला एकच, पण स्क्रिप्टला ३४.९९९ आणि ३५ वेगळे. दशांश मिलिमीटरची सूट दिली, तेव्हा बरोबर ६०८ चौकटींना स्टाइल लागली. तो आकडा बघून मी उठून चहा केला.

कुणी म्हणेल, नव्या आवृत्त्यांत ऑब्जेक्ट स्टाइलमध्येच आकार घालता येतो, मग स्क्रिप्ट कशाला? खरं आहे. नुसता आकार बदलायचा असता तर तेवढ्यावर भागलं असतं, आणि आता मी नव्या कामांत तसंच करते. पण पुढे जे करायचं होतं ते स्टाइलच्या आवाक्यातलं नव्हतं.

पुन्हा चालवली, ह्या वेळी स्टाइलचं नाव तपासून. शिवाय भाच्याने सगळं काम एका गुंडाळीत बांधून दिलं, म्हणजे एकदाच कंट्रोल-झेड दाबलं की ६०८ चौकटी एका दमात पूर्ववत होतात. एरवी प्रत्येक बदलाचा वेगळा कंट्रोल-झेड लागतो. काम चालू असताना पडदा रंगवत बसू नकोस असंही सांगता येतं. त्याने वेळ बराच वाचतो.

चौकटी झाल्या. सगळ्या ३० बाय ४०, एकसारख्या. आणि ५९९ जणांच्या हनुवट्या कापल्या गेल्या.

चौकट लहान झाली तरी आतला फोटो आपल्या जुन्या मापात राहतो. वरचा डावा कोपरा धरून ठेवला होता, म्हणून उजवीकडून पाच आणि खालून पाच मिलिमीटर गेले. उजवा कान आणि हनुवटी. हे अपेक्षित होतं. पुढच्या दोन आज्ञा सगळेच लिहितात त्या आम्हीही लिहिल्या: प्रमाण न बिघडवता फोटोने चौकट पूर्ण भरू दे, आणि फोटो मध्यावर आण.

पासपोर्ट फोटोंना हे झकास लागू पडलं. ३५ बाय ४५ चा फोटो ४० उंचीला ३१.१ रुंद होतो, दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिलिमीटर जातो, कुणाला कळत नाही. पहिली पाच-सहा पानं बघून मी खुशीत होते. सातव्या पानावर एक मुलगी होती, पैठणी नेसून नखशिखांत उभी. चौकटीत तिच्या ओठांपासून गुडघ्यांच्या खालपर्यंतचा भाग होता. डोळे नव्हते.

मोबाइलवर काढलेला उभा फोटो नऊ बाय सोळाचा असतो. तो ३० रुंदीत भरला तर उंची ५३.३ होते. चौकट ४० ची. १३.३ जास्त, त्यातले निम्मे वरून कापायचे आणि निम्मे खालून. वरून ६.७ मिलिमीटर गेले की उभ्या माणसाचं कपाळ आणि डोळे गेलेच. संगणकाला मध्य म्हणजे फोटोचा मध्य कळतो, आणि उभ्या माणसाच्या फोटोचा मध्य त्याच्या कमरेपाशी असतो.

कंटेंट-अवेअर फिट अशी एक सोय इनडिझाइनमध्ये आहे, ती फोटोतला महत्त्वाचा भाग आपणहून ओळखून चौकटीत बसवते. वीसेक फोटोंवर करून बघितली. काहींना सुरेख बसली, काहींना अशी की तिने तसं का केलं ते मला सांगता येईना. उद्या एखादी आई फोन करून विचारेल, माझ्या मुलाचाच फोटो असा का, तर मला उत्तर देता आलं पाहिजे. म्हणून ती सोडली आणि साधा नियम ठेवला: जास्तीची उंची वरून आणि खालून निम्मी-निम्मी कापायची नाही, वरून दहा टक्के आणि खालून नव्वद टक्के. १३.३ मधले वरून फक्त १.३ जातात. डोक्यावरची रिकामी भिंत गेली, केस राहिले. मध्यावर आणलेला फोटो जास्तीच्या उंचीच्या ४० टक्के खाली सरकवायचा, एवढी एकच ओळ. ती ओळ मी स्वतः लिहिली. आधी आडवा आकडा शून्य, मग उभा, कागद बघून.

पैठणीवाल्या मुलीचा चेहरा आला. पण बारीक. शेजारच्या स्थळाचा पासपोर्ट फोटो, त्यात चेहरा भरलेला, आणि हिचं तोंड हरभऱ्याएवढं. आठ जणांच्या पानावर हा फरक डोळ्यांत येतो, आणि मला तो अन्याय वाटतो. एकाने स्टुडिओत जाऊन ठरल्या मापाचा फोटो काढून आणला आणि दुसरीकडे लग्नातला एकच बरा फोटो होता, म्हणून तिने पानावर लहान का दिसावं?

हे काम आकड्यांच्या नियमाने होणारं नव्हतं, हे मला त्या रात्रीच पटलं. भाच्याला म्हटलं, आता अशी स्क्रिप्ट दे जी काही बदलणार नाही, नुसती मला यादी देईल. कोणाचा फोटो उभा लांबट आहे, म्हणजे उंची रुंदीच्या दीडपटीहून जास्त. कोणाचा आडवा आहे. कोणाची चौकट रिकामी आहे. कोणाच्या फोटोची लिंक तुटली आहे. आणि कोणाचा फोटो छपाईला कमी पडेल. यादीत नोंदणी क्रमांक आणि पान क्रमांक. आमच्याकडे फोटोच्या फाइलचं नावच नोंदणी क्रमांक असतं, त्यामुळे हे सोपं गेलं. फोटोंना येतील ती नावं तशीच ठेवून जे सूची लावतात त्यांना मी हात जोडून सांगेन, आधी नावं बदला. एकाचा फोटो दुसऱ्याच्या नावावर छापला गेला तर त्याला भरपाई नाही.

यादीत ७४ नंबर आले. ५३४ जणांकडे परत बघायची गरज नव्हती. तरी प्रूफात बघितलेच, पण ते नुसतं बघणं होतं. सगळी ताकद ७४ जणांना देता आली.

त्यांच्यासाठी दोन छोट्या स्क्रिप्टा केल्या. एकीने निवडलेला फोटो चौकटीच्या आतल्या आत पाच टक्के मोठा होतो, वरच्या कडेचा मध्य धरून, म्हणजे केसांची जागा हलत नाही. दुसरीने अर्धा मिलिमीटर खाली सरकतो. एडिट मेनूतल्या कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये स्क्रिप्टांनाही कळ नेमून देता येते. दोन कळा नेमल्या, डावा हात त्यांच्यावर, उजवा माउसवर. माप एकच ठेवलं: केसांच्या टोकापासून हनुवटीपर्यंत २० ते २२ मिलिमीटर. पारदर्शक फूटपट्टीवर तेवढ्या अंतरावर दोन रेघा मारल्या आणि पडदा खऱ्या मापाला ठेवून ती पट्टी चेहऱ्यांवर धरत गेले.

फोटो मोठा करताना एक भान ठेवावं लागतं. ३० मिलिमीटर म्हणजे १.१८ इंच, इंचाला ३०० बिंदूंच्या (पिक्सेलच्या) हिशोबाने चौकटीला ३५४ बाय ४७२ बिंदू लागतात. कुणी म्हणतं "फोटो ७२ डीपीआयचा आहे, चालणार नाही", तर त्या आकड्यावर जाऊ नये. फोटो पानावर ज्या मापाला बसलाय त्या मापाला इंचात किती बिंदू पडतात, तो आकडा खरा. इनडिझाइन त्याला इफेक्टिव्ह पीपीआय म्हणतं आणि स्क्रिप्टला तो वाचता येतो. पैठणीच्या फोटोत डोकं साधारण १७० बिंदूंचं होतं. ते २० मिलिमीटर केलं तर इंचात २१६ पडतात. मॅपलिथो कागदावर चालून जातं. २०० च्या खाली आलं की मी थांबते आणि घरी फोन करायला सांगते: फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग तो दाबला जात नाही. १४ जणांना फोन गेले, ११ जणांचे चांगले फोटो संध्याकाळपर्यंत आले.

पानं नव्याने लावायचं कामही स्क्रिप्टनेच केलं, आठ-आठचे ग्रुप उचलून ठरलेल्या जागी. त्यात एकच गोष्ट नडली. समोरासमोरची पानं असली की पट्टीचा शून्य डाव्या पानापासून सुरू होतो आणि उजवं पान २१० पासून मोजलं जातं. पहिल्या फेरीत उजव्या पानांवरची सगळी स्थळं डाव्या पानांवर जाऊन एकावर एक बसली. शून्य प्रत्येक पानापासून धर असं सांगितलं, मिटलं. मजकूर वर्ल्ड-रेडी कंपोझरवर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी इनडिझाइनची सोय) होता, त्यामुळे रुंदी बदलून ओळी नव्याने तुटल्या तरी जोडाक्षरं शाबूत राहिली.

७४ पैकी ७३ झाले. एक राहिलं होतं, पुनर्विवाह विभागातलं. आडवा फोटो, बागेतल्या बाकावर उजवीकडे एक बाई, डावीकडे चार-पाच वर्षांचा मुलगा, मधे अंतर. स्क्रिप्टने फोटो मध्यावर आणला होता, म्हणून चौकटीत बाईंचा अर्धा चेहरा, मुलाचा अर्धा चेहरा आणि मधे बाकाची पाठ. चार बाय तीनचा आडवा फोटो आमच्या चौकटीत भरला की त्याच्या रुंदीतला ५६ टक्के भाग दिसतो. दोघं त्यात मावत नव्हते. एकाला बाहेर ठेवावं लागणार होतं, आणि सूचीच्या रीतीने पाहिलं तर उत्तर उघड होतं: फोटो डावीकडे सरकवायचा, बाई चौकटीत, मुलगा बाहेर. दोन सेकंदांचं काम.

मी ते केलं आणि बघितलं. फोटो चांगला दिसत होता. खाली डाव्या कडेला बाईंच्या हाताची बोटं होती, आणि त्यांत एक लहान मूठ अर्धी कापलेली.

चिटणीस काकांना फोन केला. रात्रीचे साडेआठ झाले होते. ते म्हणाले, "ताई, फोटोत एकटीच असावी असा आपला नियम आहे. पण थांबा, विचारतो." दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला. "त्या म्हणतायत, मुलगा दिसू दे. जो कोणी बघेल त्याने दोघांना एकदमच बघावं, असं म्हणतायत." काका जरा थांबले. मग म्हणाले, "नियम मी समितीत बघतो. तुम्ही लावा."

पण तो फोटो लागत नव्हता. दोघं दिसतील इतका लहान केला तर वर-खाली पांढरी पट्टी राहत होती, आणि बाकीच्या भरलेल्या चौकटींमध्ये ती एकच उणी दिसली असती. मी निरोप दिला, जवळ बसून काढलेला दुसरा आहे का. सकाळी सव्वासातला आला, डॉक्युमेंट म्हणून. घराच्या पायरीवर बसलेल्या, मुलगा मांडीत, दोघांची डोकी एकमेकांना टेकलेली. मागे तुळशीवृंदावन. बहुतेक त्याच सकाळी काढला असावा, मुलाचे केस ओले होते.

फाइलला त्यांचा नोंदणी क्रमांक दिला, चौकटीत घेतला आणि यादीची स्क्रिप्ट पुन्हा चालवली. त्यांचा नंबर यादीत आला नाही.